आमची कोठेही शाखा नाही

आमच्या दुकानाच्या पाटीवर वरच्या ओळीत आजोबांचे आडनाव आहे, त्याखाली 'चिवडेवाले', आणि सर्वांत खाली लाल अक्षरांत 'आमची कोठेही शाखा नाही'. लहानपणी हे वाक्य मी मोठ्या अभिमानाने वाचीत असे. रविवार कारंजावरून मेन रोडकडे जाताना पाट्या वाचायची मला सवयच होती. कोणी 'अस्सल' असे, कोणी 'मूळ', कोणी 'जुने व प्रसिद्ध'. शाखा नसणे ही काही मोठी प्रतिष्ठेची गोष्ट असावी, अशी माझी समजूत होती.

खरा प्रकार मला सातवीत कळला. मी तिसरीत असताना घरात वाटण्या झाल्या. काकांनी रस्त्याच्या पलीकडे, चाळीस पावलांवर, त्याच आडनावाचे आणि त्याच कांद्याच्या चिवड्याचे दुकान थाटले. त्याच आठवड्यात पेंटर शिडी घेऊन आमच्याकडे आला. पाटीवरची ती नसलेली शाखा म्हणजे माझा सख्खा काका!

दोन वर्षांपूर्वी अण्णांनी जिल्हा न्यायालयात दावा लावला. घरात इंग्रजी कागद वाचणारा मी एकटाच. तेव्हा कलाशाखेचा हा विद्यार्थी फाईल काखेत मारून सीबीएसजवळच्या कोर्टाच्या पायऱ्या चढू लागला. आमच्या नावाची नोंदणी आजोबांनी कधी केलीच नव्हती. पण वकीलसाहेब म्हणाले, नोंदणी नसली तरी आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविण्याविरुद्ध दाद मागता येते. मला हायसे वाटले. लगेच त्यांनी पुढचे सांगितले : 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याचे 35 वे कलम म्हणते की, माणूस प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने धंदा करीत असेल तर त्याला अडवता येत नाही. आणि काकांचे आडनाव तेच, जे आमचे!

मग मी निकाल वाचण्याच्या नादी लागलो. किर्लोस्करांचा खटला तर आमच्यासाठीच घडला असावा असे वाटले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. नांगरापासून इंजिनांपर्यंत ते नाव पोहोचले. पुढे त्याच आडनावाच्या एका गृहस्थांनी डिझेल इंजिनांच्या धंद्याला आपले आडनाव दिले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1995 मध्ये न्यायालयाने त्यांना ते नाव वापरू दिले नाही. जन्माने मिळालेले आडनावही बाजारात आणताना त्यावर आधी कोणाची पुण्याई जमली आहे हे पाहावे लागते. मी हे अण्णांना उत्साहाने सांगितले. ते म्हणाले, "पुण्याई आजोबांची. माझी कुठे आहे?" यावर वकीलसाहेबांकडेही उत्तर नव्हते.

पुण्याच्या बर्गर किंगची गोष्ट वर्गातल्या मित्रांनाही ठाऊक आहे. अमेरिकेतली कंपनी 1954 ची. पुण्यातले इराणी कुटुंबाचे खानावळवजा दुकान 1992 पासूनचे. कंपनी भारतात आली 2014 मध्ये, मात्र दावा तिने 2011 मध्येच लावला होता. ऑगस्ट 2024 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तो फेटाळला, डिसेंबरात उच्च न्यायालयाने पुणेकरांना ते नाव वापरण्यास तात्पुरती मनाई केली, मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. वाचून मौज वाटली, पण माझे मन तिथे रमले नाही. त्यांचा निदान एकमेकांशी काही नातेसंबंध नाही.

माझ्या मनात घर करून राहिला तो 'अमृतधारा'चा निकाल. लाहोरात 1903 पासून 'अमृतधारा' नावाचे औषध होते; 1923 पासून दुसऱ्या कोणी 'लक्ष्मणधारा' काढले. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचार केला तो मालकांचा नव्हे, गिऱ्हाइकाचा. खेड्यातला किंवा शहरातला साधा माणूस दोन बाटल्या शेजारी ठेवून अक्षरे ताडून पाहत नाही. त्याला नाव अर्धवट आठवते, त्या अर्धवट आठवणीवर तो विश्वास ठेवतो. अशा माणसाची गफलत होईल, असे न्यायालयाने ठरवले. तरीही इतकी वर्षे पहिल्याने दुसऱ्याला चालू दिले म्हणून लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती मुभा मिळाली! आमच्या पेठेत उत्तर प्रदेश कुठून आणायचा? चाळीस पावलांतच सगळे.

वकीलसाहेबांनी सांगितले, फसलेल्या गिऱ्हाइकांची नोंद ठेवा. तारीख, वेळ, बोलणे. गल्ल्यावर मी एक दोनशे पानी वही ठेवली. पहिल्या महिन्यात सात नोंदी झाल्या. एका गृहस्थांनी तर काकांकडे पैसे देऊन पिशवी आमच्याकडून मागितली होती. सात नोंदी झाल्याचा मला आनंद झाला होता, हे लिहिताना आता लाज वाटते. आजीला त्या वहीचे सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. ती दोन्ही दुकानांचा चिवडा खाते आणि दोन्हींत मीठ जास्त आहे म्हणते.

परवा, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, एक वयस्क बाई आल्या. हातात काकांच्या दुकानाची पिशवी. मसाला कडवट लागतो म्हणाल्या, "तुमच्या वडिलांच्या वेळी असा नव्हता हो." अण्णांनी पिशवी हातात घेऊन पाहिली. पिशवीवर काकांचा फोन नंबर होता. मी वही उघडली, तारीख टाकली.

"अण्णा, बाईंचे नाव विचारू का?"

अण्णांनी पिशवी खाली ठेवली, परात पुढे ओढली. "आधी अर्धा किलो वजन कर," ते म्हणाले, "आणि त्यांच्याकडून पैसे घेऊ नकोस."