सलाइन थांबवताना

पेरण्या आटोपून निंदणं सुरू झाली की वऱ्हाडात सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय असो की अमरावतीचं इर्विन, पावसाळाभर हीच गत. विषावर औषध एकच, प्रतिसर्पविष: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्याला थोडं थोडं टोचून त्याच्या रक्तातून काढलेलं. घोड्याची प्रथिनं माणसाच्या शरीराला परकी. त्यामुळे या औषधाची जीव वाचवणारी सलाइन कधी जिवावरही उठते. कोणाला रिअ‍ॅक्शन येईल हे आधी थेंबभर टोचून कळत नाही, म्हणून ती चाचणी आता करत नाहीत.

तेव्हा अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवायचं आणि रुग्णाजवळून हलायचं नाही. मॉनिटरच्या आधी रुग्णच सांगतो, "आंगाले लय खाज सुटली जी." किंवा नुसतंच, "जीव घाबरून रायला." सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, गांधी हात फिरवून शोधाव्या लागतात. आवाज घोगरा झाला, ढास लागली, उलटी झाली, तर बीपी पडायची वाट बघू नये. गोंधळ होतो तो विषामुळे. घोणशीच्या विषानंही बीपी पडतं, मण्यारीच्या विषानंही पोट दुखतं. अशा वेळी मी घड्याळ बघतो. सलाइन लावल्यावर काही मिनिटांत जे नव्यानं उपटलं, ते मी रिअ‍ॅक्शनच धरतो.

सवयीनं हात अ‍ॅव्हिलकडे जातो. अ‍ॅव्हिलनं खाज शमते. पडलेलं बीपी वर येत नाही, आवळलेला श्वास सुटत नाही. आधी सलाइन बंद, लगेच अ‍ॅड्रेनलिन. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी अँप्युल, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. घोणशीच्या रुग्णाचं रक्त गोठत नसतं, म्हणून तिथं सुई खुपसायला मन कचरतं, तरी द्यायचंच. ५ मिनिटांत उतार नाही, तर पुन्हा.

इथवरचं नव्या डॉक्टरांना पाठ असतं. त्यांचे पाय अडतात ते पुढे. रुग्ण सावरला की तेच औषध परत, संथ धारेनं सुरू करायचं असतं. भीतीपोटी ते अर्धवट सोडलं, तर रिअ‍ॅक्शनमधून वाचलेला माणूस विषानं जातो. नातेवाईक विचारतात, "साहेब, पुन्हा तेच कायले लावता?" प्रश्न रास्त असतो. मी नवी सिरिंज भरून घेतो आणि सांगतो, "जहर अजून आंगात हाये, भाऊ. त्याच्यावर औषध हेच. मी अठीच हावो."