आमचे देशपांडेपण

बऱ्हाणपुरात देशपांड्यांची घरे किती, असे कोणी विचारले की वडीलधारी मंडळी बोटांवर मोजू लागतात आणि शेवटी ‘सगळे आपलेच’ असे म्हणून मोकळी होतात. या ‘आपलेच’मध्ये थोडा घोटाळा आहे. मध्यंतरी आमच्या परिचयातील एका घरी चांगले जुळत आलेले स्थळ केवळ दोन्हीकडील आडनाव देशपांडे म्हणून परत गेले. गोत्रे वेगळी, कुलदैवते वेगळी, एकांचे मूळ वऱ्हाडातले तर दुसऱ्यांचे वाईकडचे. पण आडनाव एक म्हणजे भावकी, ही समजूत आड आली. म्हणून हे चार शब्द.

देशपांडे हे मुळात पदाचे नाव. गावात जसे पाटील आणि कुलकर्णी, तसे परगण्यात देशमुख आणि देशपांडे. या दोन्ही शब्दांतील ‘देश’ म्हणजे परगणा. देशमुखाने वसूल व बंदोबस्त पाहावयाचा, देशपांड्याने त्या वसुलाचा हिशेब आणि दप्तर सांभाळावयाचे. सुलतानी अमलात ही वतने वंशपरंपरेने चालत. राज्ये बदलली तरी वतनदार बहुधा तेच राहात, कारण कोणत्या गावावर किती सारा हे नव्या धन्याला त्यांच्याच बाडांतून कळावयाचे! महसूल खात्यात उमेदीची वर्षे घालविल्यामुळे आम्हांस याचे मुळीच नवल वाटत नाही.

जेथे जेथे हे पद, तेथे तेथे देशपांडे. त्यामुळे त्यांची जातही एक नाही. १६६० साली घोडखिंड लढविणारे बाजीप्रभू देशपांडे हिरडस मावळातले चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, पु. ल. देशपांडे सारस्वत, आणि देशस्थांत तर ऋग्वेदी व यजुर्वेदी दोन्ही. धारवाडकडील कित्येक देशपांड्यांच्या घरी बोली कानडी. देशमुखांचेही तसेच. चिंतामणराव देशमुख कायस्थ प्रभू, तर विदर्भातील पंजाबराव देशमुख कुणबी शेतकऱ्याच्या घरातले. त्यांचे मूळ आडनाव कदम.

सातपुडा ओलांडून निमाडात उतरले की याच पदांची नावे बदलतात. देशमुखाच्या जागी मंडलोई येतो, देशपांड्याच्या जागी कानूनगो. १९६२-६३ मध्ये आपल्या राज्याचे मुख्यमंत्री असलेले खांडव्याचे भगवंतराव मंडलोई यांचे आडनाव त्याच जातकुळीचे. बऱ्हाणपूर ही फारुकींच्या खानदेशाची राजधानी. १६०१ मध्ये ती मोगलांकडे गेली, १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर पेशव्यांकडे, पुढे शिंद्यांकडे आणि १८६० मध्ये इंग्रजांकडे. पेशवे-शिंद्यांच्या काळात कारकुनी, भिक्षुकी, शिलेदारी करीत जी मराठी घरे तापीकाठी आली, ती आपापली आडनावे बरोबर घेऊन आली. येथे येऊन देशपांडे झालेला विरळा, देशपांडे होऊन आलेलेच पुष्कळ, असे आमचे मत आहे. ज्या परगण्यामुळे नाव मिळाले तो मात्र मागे राहिला, आणि तिसऱ्या पिढीपर्यंत त्याचे नावही विसरले गेले.

इंग्रजी अमलात पगारी मामलेदार आला आणि देशपांड्याचे काम उरले नाही. वतनाची रक्कम तेवढी मिळत राहिली. मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द केली, तेव्हा तीही गेली. पद गेले, उत्पन्न गेले, आडनाव टिकले. आमच्या चिरंजीवांनी बापाच्या हुद्द्यावरून ‘तहसीलदार’ म्हणवून घेतलेले नाही, हे सुदैव. पण बेळगावकडे तेही आडनाव आहे.

तेव्हा दोन देशपांडे एका कुळाचे की नाही, हे आडनावावरून ठरत नाही. गोत्र विचारावे, कुलदैवत विचारावे आणि वतनापूर्वीचे मूळ आडनाव कोणास ठाऊक आहे का, हे विचारावे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या याकामी फार उपयोगी पडतात. यात्रेकरूचे नाव, गाव, वाडवडील, भाऊबंद सारे तेथे नोंदलेले असते. जुन्या नोंदी मोडीत असल्याने वाचणारा बरोबर न्यावा लागतो.

आम्ही नेला होता. आमच्या खापरपणजोबांच्या नावापुढे तेथे देशपांडे नाही, जोशी आहे, मुक्काम बऱ्हाणपूर. ‘देशपांडे’ हा शब्द पुढच्या पिढीच्या नोंदीत, निराळ्या शाईने आला आहे. आणि जोशी हे तरी काय, गावच्या वतनाचेच नाव!