देशाची एक आळी

सॅम्युअल मोर्स मूळचा चित्रकार. १८३८ साली त्याची तार अजून प्रयोगाच्या मेजावरच होती, तेव्हाच त्याने एका पत्रात भाकीत करून टाकलं: या तारा एकदा पसरल्या की अख्खा अमेरिका देश एका आळीत राहत असल्यासारखा होईल. वेळेवर न पोचलेल्या बातमीचं दुःख त्याला ठाऊक होतं. १८२५च्या फेब्रुवारीत तो वॉशिंग्टनला फ्रेंच सेनानी लाफायेतचं चित्र काढत असताना इकडे न्यू हेवनला त्याची बायको वारली. वडिलांचं पत्र हाती पडून तो घरी पोचेपर्यंत तिचं दफनही उरकलं होतं. तारेची कल्पना सुचली ती मात्र सात वर्षांनी, युरोपहून परतताना जहाजावरच्या गप्पांमध्ये.

सरकारकडून तीस हजार डॉलर मिळवायला १८४३ उजाडलं. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला जाहीर संदेश गेला. पुढच्याच आठवड्यात बाल्टिमोरला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. तिथे उपाध्यक्षपदासाठी सायलस राइट यांचं नाव ठरलं. राइट होते वॉशिंग्टनला. त्यांनी तारेनेच नकार कळवला. पण तारेवर विश्वास कुणाचा? अधिवेशनाने खात्री करायला माणसं वॉशिंग्टनला धाडली! तेव्हा खरा निरोपही लोक पारखून घेत. आज मोबाइलवर ‘जसा आला तसा पाठवला’ एवढ्या शिक्क्यावर कुठल्याही गावच्या दंगलीची, कुठल्याही काढ्याची बातमी क्षणात दहा घरांत शिरते.

आपल्याकडे तार सर्वसामान्यांना खुली झाली १८५५ साली. दोनच वर्षांनी सत्तावनचा उठाव झाला आणि ती राज्यकर्त्यांच्या कामी आली. पुढे मात्र ती आपल्या घराघरांतली झाली, आणि आमच्या पिढीला आठवते ती हीच. तालुक्याच्या तार ऑफिसातला कडकट्ट आवाज, शब्द मोजणारे तारमास्तर, खिडकीबाहेर फॉर्म हातात धरून एकेक शब्द खोडणारा माणूस. पत्त्याच्या शब्दांचेही पैसे पडत, म्हणून व्यापारी पेढ्या एका शब्दाचा तारेचा पत्ता नोंदवून ठेवत आणि तो ऐटीत लेटरहेडवर छापत. लग्नात आलेल्या शुभेच्छांच्या तारा मांडवात मोठ्याने वाचल्या जात. त्या मजकुरांना क्रमांक ठरलेले असल्याने सगळ्या तारा सारख्याच असत. तरी वधूपिता प्रत्येक तारेला मान डोलवी.

एरवी मात्र खाकी कपड्यांतला तारवाला सायकलवरून उतरला की घरात आधी रडू फुटे आणि मजकूर मागाहून कळे. तो असे इंग्रजीत. मग शाळेतल्या गुरुजींना बोलवायचं. तोवर तारवाला सही घ्यायला ओटीवर थांबलेला, शेजारच्या काकू पदराला हात पुसत आलेल्या, कुणी पाण्याचा तांब्या भरलेला. मुलाला नोकरी लागल्याचं निघालं तर तारवाल्याच्या हातावर गूळ पडे. वाईट निघालं तर सावरायला माणसं हजर असत. वाईट बातमी यायची ती माणूस सोबत घेऊनच.

अमेरिकेतल्या वेस्टर्न युनियनने २००६ साली तार बंद केली. आपल्याकडे १४ जुलै २०१३च्या रात्री शेवटच्या तारा गेल्या. त्या दिवशी ज्यांनी जन्मात तार केली नव्हती त्यांनीही रांगा लावल्या. मी काही तार परत आणा म्हणणार नाही. टेक्सासमधल्या मुलाला पुण्याच्या इस्पितळातल्या आईचा चेहरा आज दिसतो, आवाज ऐकू येतो. तारेने हे कधीच दिलं नसतं. मोर्सने कल्पिलेला वेग त्याच्याही अपेक्षेपलीकडे गेला आहे.

शेजार मात्र मागेच राहिला. कुटुंबाच्या गटावर सुप्रभातची फुलं, कुणाच्या नातवाचा वाढदिवस, आणि त्यांच्या मधोमध काका गेल्याची ओळ. खाली जोडलेल्या हातांची रांग. परगावच्या लेकीला वडील गेल्याचं आपल्या माणसाच्या तोंडून कळण्याऐवजी बसमध्ये, अनोळखी लोकांत उभी असताना पडद्यावर वाचावं लागतं.

याचा दोष यंत्राला देता येत नाही. खुद्द मोर्सनेही गुलामगिरीचं समर्थन केलं होतं आणि परदेशातून येणाऱ्या कॅथलिकांविरुद्ध पुस्तकं लिहिली होती. देशाची एक आळी करू पाहणाऱ्या माणसालाच त्या आळीत सगळे नको होते. तारेने फक्त अंतर मिटतं, माणसाने माणसाशी कसं वागावं हे ती शिकवत नाही. ते आपलं आपणच सांभाळायचं असतं, आणि जुन्या लोकांनी ते बऱ्यापैकी सांभाळलं होतं.

म्हणून एवढंच सुचवावंसं वाटतं. कुणी गेल्याची बातमी तुमच्या हाती आली, तर गटावर टाकायची घाई करू नका. आधी जवळच्या माणसांना फोन करा. आणि ज्यांच्या घरी जाता येण्यासारखं असेल, त्यांच्याकडे स्वतः जाऊन सांगा.