स्वतःचें गाणें

गाणें ऐकणाऱ्याला आधीं आवाज भेटतो, शब्द मागाहून भेटतात, आणि ते शब्द कोणाचे हा प्रश्न तर बहुतेकांच्या मनांत येतच नाहीं. लग्नमंडपांत किंवा गणेशोत्सवांत जीं गाणीं आपण ऐकतों, तीं एकानें लिहिलेलीं असतात, दुसऱ्यानें त्यांना चाल लावलेली असते आणि तिसराच कोणी तीं म्हणत असतो. त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु एखादी मंडळी स्वतःच शब्द रचते, स्वतःच चाल बांधते, स्वतःच वाद्यें वाजवून गाते आणि त्या बळावर मुलूखगिरीला निघते, तेव्हां तिच्या नफ्यातोट्याचा हिशेब अगदीं निराळा होतो. हा हिशेब गेल्या दोन महिन्यांत आमच्या जठारपेठेंतील घरीं अनेक वेळां मांडला गेला. आणि वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं तो आज ना उद्यां मांडला जाईल असें वाटल्यावरून हें लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रसंग असा. आमच्या थोरल्या बंधूंची कन्या महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षांत आहे. गळा चांगला, आणि शास्त्रीय संगीताच्या परीक्षाही तिनें लहानपणापासून रीतसर दिलेल्या. गेलीं दोन वर्षें ती व तिचे तीन सोबती मिळून एक लहानसा वाद्यवृंद चालवितात. लग्नाच्या आदल्या रात्रीं किंवा एखाद्या पेढीच्या वार्षिक समारंभांत ते चित्रपटांतील गाणीं म्हणतात आणि त्यांना बरे पैसे मिळतात. यंदां समारंभांचें कंत्राट घेणाऱ्या एका गृहस्थांनीं सबंध लग्नसराईचीं कामें त्यांना एकदम देऊं केलीं. अट एवढीच कीं, लोकांच्या कानांवरून गेलेलीं चित्रपटगीतेंच म्हणावयाचीं. मुलीनें नकार देण्याचें ठरविलें. या चौघांनीं रचलेलीं नऊ गाणीं तयार आहेत; तीं घेऊन पुण्याला जावें, तेथें लहानसान ठिकाणीं म्हणावीं, आणि जमलें तर पुढची वाट धरावी, असा तिचा बेत. हातचें सोडून पळत्याच्या पाठीमागें लागण्याचा हा प्रकार पाहून घरांत खळबळ न उडती तरच नवल!

थोरल्या बंधूंचा जन्म बँकेंत इतरांचे हिशेब तपासण्यांत गेला. ते रागावले नाहींत. त्यांनीं फक्त विचारलें, "गाण्याला माझी ना नाहीं. पण अकोल्याच्या मुलीनें रचलेलें गाणें पुण्यांत ऐकणार कोण?"

"बाबा, त्या चौघांचें तरी आधीं कोण ऐकत होतें?" मुलगी म्हणाली.

ते चौघे म्हणजे दक्षिण कोरियांतील 'द रोझ' या नांवाचा वाद्यवृंद. त्या देशांत गाण्याचा धंदा मोठ्या कंपन्यांच्या हातीं आहे. या कंपन्या कोवळ्या वयाचीं मुलें निवडतात, त्यांना वर्षानुवर्षें तालमी देतात आणि बहुधा दुसऱ्यांनीं रचलेलीं गाणीं त्यांच्या हातीं ठेवतात. या चौघांपैकीं कांहीं जण आरंभीं सोल शहराच्या रस्त्यांवर उभे राहून गात असत. ऑगस्ट २०१७ मध्यें 'सॉरी' हें त्यांचें पहिलें गाणें प्रसिद्ध झालें. आपलीं गाणीं आपणच रचावयाचीं हा त्यांचा बाणा प्रथमपासूनचा. आणि मायदेशीं फारसें नांव नसतांनाच ते युरोपांत गाऊन आले. सन २०२० मध्यें वेतनाच्या प्रश्नावरून कंपनीशीं त्यांचा तंटा न्यायालयांत गेला. त्याच वर्षीं त्यांच्यापैकीं कांहींना सक्तीच्या लष्करी सेवेसाठीं जावें लागलें. मंडळी मोडली असेंच कोणालाही वाटलें असतें. परंतु २०२१ मध्यें त्यांनीं स्वतःची संस्था काढली, २०२२ मध्यें 'हील' आणि २०२३ मध्यें 'ड्युअल' असे दोन गीतसंग्रह दिले, जानेवारी २०२४ मध्यें ते मुंबईस महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गाऊन गेले आणि त्याच वर्षाच्या एप्रिलांत अमेरिकेंतील कोचेला येथील प्रचंड संगीतोत्सवांत उभे राहिले. कंपनी गेली, मधलीं वर्षें गेलीं. पण गाणें रचणारी बुद्धि त्यांच्यापाशींच होती, म्हणून पुन्हां उभें राहतां आलें. आमच्या पुतणीच्या म्हणण्याचा मथितार्थ हा.

बंधु म्हणाले, "कोरिया कोठें आणि अकोला कोठें!" हें म्हणणें रास्त होतें. म्हणून आम्हीं त्यांना सुचविलें कीं, दाखल्यासाठीं एवढें दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या संगीत नाटक मंडळ्या याच वाटेनें गेलेल्या आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यांत 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, तेव्हां नाटकाचें मराठी रूपांतर त्यांचें, पदें त्यांचीं, आणि त्या पदांना कोणती चाल शोभेल हें ठरविणारा कानही त्यांचाच. पुढें १९१३ सालीं किर्लोस्कर मंडळींतून बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले आणि त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. १९११ सालच्या 'मानापमाना'ला चाली देणारे टेंबे त्या तिघांत होते, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. गाणारा आणि चाल देणारा दोघेही एकत्र निघाले कीं जुन्या मंडळीचें नांव मागें राहिलें तरी चालतें. आपल्या वऱ्हाडाचाही यांत वांटा आहे. अमरावतीच्या वीर वामनराव जोश्यांचें 'रणदुंदुभि' १९२७ सालीं बळवंत संगीत मंडळीनें रंगभूमीवर आणलें आणि मास्टर दीनानाथांच्या गळ्यांतून अमरावतीचे शब्द महाराष्ट्रभर गेले.

"आणि त्या मंडळ्यांचें पुढें काय झालें तेंही सांगून टाका," बंधु शांतपणें म्हणाले. "गंधर्व मंडळी कर्जांत बुडाली. बळवंत मंडळी बंद पडली. दीनानाथ १९४२ सालीं गेले तेव्हां त्यांचें वय एकेचाळीस, आणि मागें घरांत पैसा नव्हता. गाणें त्यांचें स्वतःचें होतें ना?"

या प्रश्नाला एका वाक्यांत उत्तर नाहीं, आणि तें असल्याचा आव आणणेंही बरें नव्हे. त्या मंडळ्यांचा संसार फार मोठा. पडदे, पोशाख, वाद्यें, आचारी आणि पन्नास-साठ माणसांचें बिऱ्हाड घेऊन गांवोगांव हिंडावयाचें. त्यांतच १९३२ मध्यें 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि प्रेक्षक चार आण्यांत पडद्यावरचें गाणें ऐकूं लागला. कर्ज गाण्यापायीं झालें नाहीं, गाण्याभोंवतीं उभारलेल्या थाटापायीं झालें, असें आम्हांला वाटतें. तरीही बंधूंच्या बोलण्यांतील कळकळ खोटी नव्हती. मुलगी गाण्यांत नापास होईल ही त्यांना भीति नव्हती. ती पास होऊनही उपाशी राहील, ही होती. ज्यांना मुली आहेत त्यांना या दोहोंतील फरक सांगावयास नको. वहिनींनीं त्या रात्रीं ताटावरून उठतां उठतां एवढेंच म्हटलें, "आधीं परीक्षा होऊं द्या."

येथवर आमच्या मातोश्री कांहींच बोलल्या नव्हत्या. त्यांचें वय शहाऐंशी. त्यांचें माहेर मोर्शीकडच्या एका खेड्यांतलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं भाजी निवडतां निवडतां त्यांनीं आपण होऊन विषय काढला.

"मी बारा-तेरा वर्षांची असेन. तुकडोजी महाराज गांवांत आले होते. देवळापुढच्या पटांगणांत भजन झालें. एक खंजिरी आणि तो आवाज, दुसरें कांहीं आठवत नाहीं बघ. दुसऱ्या दिवशीं विहिरीवर बायका तेंच म्हणून राहिल्या होत्या. आमच्या वाड्यांतल्या गड्यालाही तें कळलें आणि आमच्या वडिलांनाही कळलें."

मातोश्रींच्या या आठवणीनें आमच्या वादाचें पारडें फिरलें. अमरावती जिल्ह्यांतील यावली या गांवीं १९०९ सालीं जन्मलेल्या या पुरुषाजवळ ना नाटक मंडळीचा थाट होता, ना कोणा धनिकाचा आश्रय. भजन स्वतः रचावें, स्वतःच चाल लावावी, खंजिरीवर स्वतःच म्हणावें आणि पुढच्या गांवाला जावें, हाच त्यांचा क्रम. १९३५ सालीं मोझरीस गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९४२ च्या चळवळींत त्यांच्या भजनांनीं माणसें पेटून उठतात हें सरकारास दिसलें आणि त्यांना नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यांत आलें. पुढें १९५५ सालीं जपानांत भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांति परिषदेस ते गेले. वऱ्हाडच्या खेड्यांतून निघालेली खंजिरी समुद्रापार गेली, ती कोणाचें उसनें गाणें घेऊन गेली नाहीं. शिवाय त्यांच्या प्रवासाचा खर्च किती? खांद्यावर जेवढें मावेल तेवढा! बंधूंच्या आक्षेपाला जें उत्तर आम्हांला सांपडत नव्हतें, तें मातोश्रींनीं निवडलेल्या भाजीशेजारीं ठेवून दिलें होतें.

मग त्या नातीकडे वळून म्हणाल्या, "तुझीं तीं नऊ गाणीं तूं मला कधीं ऐकवलींस ग?"

मुलगी गप्प झाली. घरांत दोन महिने वाद चालला होता आणि त्या नऊ गाण्यांपैकीं एकही घरांत कोणी ऐकलें नव्हतें! त्या संध्याकाळीं ती माजघरांत गिटार घेऊन बसली. पहिलें गाणें उन्हाळ्यांत पाण्याच्या टाकीची वाट पाहणाऱ्या बाईचें होतें. दुसरें, रात्रींच्या गाडीनें पुण्याला शिकावयास जाणाऱ्या मुलाचें. चाल आम्हां जुन्या कानांना थोडी रांगडी वाटली, परंतु शब्द स्वच्छ ऐकूं येत होते. मातोश्रींनीं दुसरें गाणें पुन्हां म्हणावयास लावलें आणि एका शब्दाशीं थांबविलें. "हा शब्द आपल्याकडे नाहीं म्हणत कोणी. तूं काय म्हणतेस घरीं, तेंच घाल कीं." मुलीनें तेथल्या तेथें शब्द बदलला, आणि ओळ ताडकन् सरळ उभी राहिली. बंधु दाराशीं उभे होते. गाणें संपल्यावर त्यांनीं विचारलें, "तुमची वाद्यें वाहून न्यायला किती खर्च येईल?" वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें. तो प्रश्न म्हणजे होकार हें त्यांना आमच्याआधीं कळलें.

ठरलें तें असें. परीक्षा आधीं द्यावयाची. त्यानंतर एक वर्षाची मुदत. कंत्राटदार गृहस्थांना नम्रपणें नकार कळवावयाचा; मात्र ओळखीच्या घरचीं चार-पांच कार्यें घेऊन प्रवासापुरता पैसा स्वतः उभा करावयाचा. उरलेली रक्कम बंधु उसनी देतील, आणि ती उसनी म्हणूनच वहींत लिहिली जाईल. पुण्यास आमच्या धाकट्या भगिनीच्या घरीं राहावयाचें. सामान चौघांना मिळून उचलतां येईल एवढेंच न्यावयाचें. भाड्याचे दिवे आणि भाड्याचा मंच यांच्या नादीं लागावयाचें नाहीं. वर्षाअखेर सर्वांनीं बसून वही पाहावयाची आणि मग पुढचें ठरवावयाचें. शेवटची अट मातोश्रींची: नवें गाणें झालें कीं तें आधीं घरीं म्हणावयाचें.

हीं गाणीं चालतील कीं नाहीं, हें आज कोणीही सांगूं शकणार नाहीं. वर्षानें वहींत तोटा दिसला तर बंधु तो स्पष्ट दाखवितील, आणि मुलीला तो पाहावा लागेल. तिनें ही जोखीम डोळे उघडे ठेवून पत्करली आहे, आणि घरानें तिच्या जोखमींत आपला वांटा उचलला आहे. एकत्र कुटुंबाचा उपयोग याहून निराळा तो काय असावयाचा? ज्यांच्या घरीं अशीं मुलें असतील त्या वडील मंडळींस आमची विनंती एवढीच कीं, होय किंवा नाहीं म्हणण्यापूर्वीं सर्वांनीं एकदां खालीं बसावें आणि तें गाणें शेवटपर्यंत ऐकावें.