उतारवयातील खंजिरी

तरुणांच्या आवेशातून जन्मलेले संगीत आपल्या वादकांबरोबर म्हातारे होऊ लागते, तेव्हा त्या कलेतले नेमके काय हातात उरते आणि काय हातातून सुटते, हा प्रश्न गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य रॉक संगीताच्या संदर्भात वारंवार विचारला गेला आहे. कारण १९६० च्या दशकात विशी-पंचविशीत गिटार हाती घेतलेले वादक आज ऐंशीच्या घरात असूनही हजारोंच्या समुदायापुढे उभे राहत आहेत. वर्धा जिल्ह्यातील गावोगावच्या भजनी मंडळांत हाच प्रश्न कुठलीही चर्चा न होता रोजच्या सरावात सोडवला जात असतो, आणि तेथे तो ज्या वाद्याच्या निमित्ताने उभा राहतो ते वाद्य म्हणजे खंजिरी होय.

खंजिरी म्हणजे लाकडी कड्याच्या एका बाजूवर कातडे ताणून बसवलेले, दुसरी बाजू मोकळी असलेले आणि एका हातात मावणारे तालवाद्य. भिक्षेकऱ्याच्या आणि फकिराच्या हाती फार पूर्वीपासून असलेल्या या वाद्याला विदर्भात सार्वजनिक सभेचे वाद्य बनवले ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८). अमरावती जिल्ह्यातील यावलीत जन्मलेल्या आणि मोझरीच्या गुरुकुंजात आश्रम उभारणाऱ्या महाराजांना गांधीजींनी १९३६ मध्ये सेवाग्रामला (तेव्हाच्या शेगावला) बोलावून घेतले आणि सुमारे महिनाभर तेथे त्यांचा मुक्काम झाला, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. पुढे १६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर येथे जो उठाव झाला, त्यामागे त्यांच्या खंजिरी भजनांची प्रेरणा होती असे या भागात एकमुखाने मानले जाते. ब्रिटिश सरकारने त्यांना अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले. तेहतीस वर्षांच्या त्या माणसाच्या हातातील खंजिरीत स्वस्थ बसलेल्याला उठवण्याचा आवेश होता, आणि आज वर्धा जिल्ह्यात जे ज्येष्ठ वादक ती वाजवतात त्यांनी तो आवेश बालपणी उचललेला आहे. महाराज गेले त्या वर्षी जे मूल दहा-बारा वर्षांचे होते, ते आज सत्तरीच्या आसपास आहे.

या वाद्याचा भार शरीरावर कुठे पडतो हे बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. उजव्या हाताची बोटे आघात करताना दिसतात म्हणून सारे श्रम उजव्या हाताचे आहेत असे वाटते. प्रत्यक्षात रात्रभराच्या भजनात आधी दमतो तो डावा हात, कारण वाद्य छातीच्या उंचीवर तोलून धरणे, कड्यावरची पकड पुरेशी सैल ठेवणे आणि कातड्याला मोकळेपणाने घुमू देणे ही तिन्ही कामे त्याला एकाच वेळी करावी लागतात. वय वाढते तसा खांदा आखडतो आणि आखडलेल्या खांद्यामुळे पकड नकळत घट्ट होऊन नाद कोंडला जातो. उजव्या हाताची तक्रार वेगळी असते. सांध्यांमध्ये सूज आणि ताठरपणा आणणाऱ्या संधिवाताने बोटे परस्परांपासून स्वतंत्रपणे हलेनाशी होतात, त्यामुळे लग्गी, म्हणजे भजन रंगात आल्यावर मूळ ठेक्याच्या पोटात दुपटीच्या लयीने भरले जाणारे जलद बोल, पूर्वीसारखे सुटे पडत नाहीत आणि एकमेकांत मिसळतात. त्यातच उंच पट्टीचे सूक्ष्म आवाज कानाला कमी ऐकू येऊ लागतात, म्हणून वादक अभावितपणे जोरात वाजवू लागतो, आणि जोर वाढला की उरलीसुरली चपळाईही जाते. पावसाळी हवेत कातडे ओलावा धरून सैल पडते आणि ते शेकून घ्यावे लागते. ज्या रात्री वाद्य आणि बोटे या दोहोंनाही ऊब हवी असते, त्या रात्री म्हाताऱ्या वादकाची खरी परीक्षा होते.

गिटारवादकांनी या अडचणींतून काढलेल्या वाटा येथे विचारात घेण्याजोग्या आहेत. ब्लॅक सबाथ या इंग्रज वाद्यवृंदाचा टोनी आयोमी याने १९६५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, कारखान्यातील अपघातात तारा दाबणाऱ्या हाताच्या दोन बोटांची अग्रे गमावली. त्याने बोटांना घरी बनवलेल्या टोप्या चढवल्या, हलक्या तारा बसवल्या आणि पुढे तारा खालच्या स्वरात उतरवून त्यांचा ताण कमी केला. त्यातून निघालेला जड, खोल नाद ही पुढे एका संपूर्ण संगीतप्रकाराची ओळख ठरली. जुलै २०२५ मध्ये बर्मिंगहॅमला झालेल्या अखेरच्या कार्यक्रमात तो सत्त्याहत्तर वर्षांचा होता. एरिक क्लॅप्टनने मज्जातंतूंच्या विकारामुळे गिटार वाजवणे कष्टाचे झाल्याचे २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितले आणि त्यानंतरही तो वाजवत राहिला. लेस पॉल हा अमेरिकन वादक संधिवाताने बोटे जखडलेली असताना नव्वदी ओलांडल्यावरही न्यूयॉर्कमधल्या एका क्लबात दर सोमवारी वाजवत असे. या तिघांनीही हरवलेली चपळाई परत मिळवण्याचा हट्ट धरला नाही, तर उरलेल्या हालचालींतून वादनाची नवी मांडणी केली, आणि उतारवयातील मंचीय वादनाचे मर्म यातच आहे.

खंजिरीच्या बाबतीत या मांडणीला भजनाच्या रचनेचीच साथ मिळते. भजनात शब्द आधी आणि वाद्य नंतर, हा क्रम सर्वमान्य असला तरी तरुण हात तो पाळतातच असे नाही. लग्गीच्या हव्यासात कडव्याचा शेवटचा शब्द झाकला जातो आणि ज्या उपदेशासाठी भजन आहे तोच ऐकू येत नाही. ज्येष्ठ वादकाला लग्गी झेपत नाही म्हणून तो ठेक्यावर, म्हणजे तालाच्या मूळ आवर्तनावर, स्थिर राहतो, समेवरचा आघात पूर्ण वजनाने देतो, मधल्या मात्रा नुसत्या स्पर्शाने दाखवतो आणि कडवे संपताना हात जवळजवळ थांबवतो. हे नाइलाजाने सुरू झालेले असते, परंतु काही वर्षांत त्याची निवड बनते. असा वादक साथीला असला की गायकाला श्वास घ्यायला जागा मिळते, झांजकरी घाई करत नाही आणि हार्मोनियमवाल्याला स्वर धरून ठेवता येतो. मंडळात त्याच्या शेजारी एखादा तरुण दुसरी खंजिरी घेऊन बसलेला असेल, तर लग्गी त्याने भरावी आणि ठेका ज्येष्ठाने सांभाळावा, ही वाटणी सर्वांत चांगली. तीत दोघांचाही मान राहतो आणि तरुणाला आवरते घेण्याची कला शेजारी बसूनच शिकता येते.

तरीही म्हातारपणाचे वादन केवळ म्हातारपणाचे आहे म्हणून गोड मानू नये. बालगंधर्व वयाची साठी उलटल्यावरही स्त्री-भूमिकेत उभे राहत, तेव्हा प्रेक्षकांतील पुष्कळांना समोरच्या नटापेक्षा आठवणीतला नट दिसत असे, आणि अशा प्रेमातून कलावंताचे सांत्वन होत असले तरी कलेची पारख होत नाही. लय डळमळू लागली की खंजिरी थांबवलीच पाहिजे, कारण लय ही एकट्याची मालमत्ता नसून सगळ्या मंडळाची असते. चपळाई गेलेला वादक मंडळाला चालतो, पण ज्याची लय गेली आहे तो मंडळाला खाली बसवतो. हा भेद स्पष्टपणे सांगण्याचे धैर्य मंडळातील जवळच्या माणसांनी दाखवावे, आणि तो सांगितल्यावर त्या वादकाच्या हाती टाळ द्यावेत किंवा ध्रुवपदाची आघाडी सोपवावी, म्हणजे तो मंडळाबाहेर फेकला जात नाही. रॉक संगीताच्या मंचाला ही सोय नाही, कारण तेथे गिटार खाली ठेवणाऱ्याला बसण्यासाठी दुसरी जागाच आखलेली नसते.

विदर्भात ठिकठिकाणी होणाऱ्या खंजिरी भजन स्पर्धांनी मात्र या परंपरेचे काही प्रमाणात नुकसान केले आहे, असे म्हणणे भाग आहे. ठरावीक मिनिटांत छाप पाडायची असल्याने मंडळे पहिल्याच कडव्यापासून लय चढवतात, परीक्षकांचे लक्ष बोटांच्या करामतीकडे जाते आणि संथ लयीत भजन उभे करणारे ज्येष्ठ आपोआप मागच्या रांगेत बसतात. स्पर्धा बंद कराव्यात असे कोणी म्हणणार नाही, कारण मुले आणि महिला खंजिरीकडे मोठ्या संख्येने वळल्या त्यांत स्पर्धांचा वाटा आहे. परंतु प्रत्येक मंडळाने एक भजन विलंबित लयीत सादर करावे असा नियम घालणे आयोजकांना अवघड नाही. त्याबरोबरच आष्टी, आर्वी, देवळी, हिंगणघाट या भागांतील वयस्क वादकांचे वादन, आवाजाबरोबर दोन्ही हात स्पष्ट दिसतील अशा रीतीने, संपूर्ण रात्रीच्या भजनासह ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवावे. हातात फोन असलेल्या कोणत्याही तरुणाला हे काम तुकडोजी महाराजांच्या येत्या पुण्यतिथीच्या कार्यक्रमात सुरू करता येईल, आणि त्याने कॅमेरा डाव्या हाताकडे वळवायला विसरू नये.