मत नसलेले सभासद, आणि मत असलेले आपण

सप्टेंबर आला की आपल्या बीड जिल्ह्यात वार्षिक सभांचा हंगाम सुरू होतो. सोसायट्या, पतसंस्था, कारखाने. अहवालाचं गुळगुळीत पुस्तक, मागच्या खुर्च्यांवरून ‘मंजूर, मंजूर’, मग जेवण. ‘सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली’ हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की आता बोटं आपोआपच टाईप करतात.

ज्या पतसंस्थेत आईची ठेव अडकलीय, तिच्याही सभेला मी सभासद म्हणून होतो. थकबाकीचा आकडा खटकला होता. पण चेअरमन ओळखीचे, दिवाळी अंकाची जाहिरात त्यांचीच. गप्प बसलो.

हे आठवलं भाच्यामुळं. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. जुन्या फॉन्टमधल्या बातम्या उघडेनात म्हणून मी वैतागलो होतो, तेव्हा त्यानंच माझ्या कम्प्युटरवर लिनक्स टाकून दिलं. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे कोणीही वापरावं, आतला कोड वाचावा, बदलावा, पुढं द्यावा. या विचारासाठी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली अमेरिकेत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं. भाचा तिचा सभासद आहे, महिना दहा डॉलर भरतो.

एपस्टीन प्रकरणाच्या संदर्भात ईमेलवर केलेल्या विधानांवरून टीका झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये स्टॉलमन यांनी अध्यक्षपद आणि संचालकपद सोडलं. मार्च २०२१ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं, मी संचालक मंडळावर परत आलोय. संस्थेच्या कर्मचाऱ्यांनाही आधी पत्ता नव्हता! विरोधात हजारो सह्यांचं पत्र निघालं, बाजूनंही निघालं.

मी भाच्याला विचारलं, “तुम्ही मतदान केलं असंल की?”

“मामा, आम्हाला मतच नसतंय. वर्गणी भरायची, बास.”

मला खरं वाटेना. पण तसंच आहे. संचालक निवडणाऱ्यांचं वर्तुळ अगदी छोटं, त्यात मुख्यतः संचालकच. कोड जगाला खुला आणि संस्थेचं दार आतून लावलेलं. त्या गदारोळानंतर कर्मचाऱ्यांना मंडळावर एक जागा मिळाली, वर्गणीदारांना नाही. युरोपातल्या भगिनी संस्थेत समर्थकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असायचे. २०१८ मध्ये त्या जागाही घटनेतून काढल्या.

उलट डेबियन. हाही मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचाच प्रकल्प. १९९८ पासून त्यांची लेखी घटना आहे, प्रमुख दरवर्षी मतदानानं निवडतात. स्टॉलमन यांचा विषय एप्रिल २०२१ मध्ये तिथंही मतदानाला आला. कौल लागला, यावर प्रकल्पानं जाहीर निवेदन करू नये. मला तो मिळमिळीत वाटला, पण हरलेल्यांना आपण किती होतो हे तरी कळलं.

भाचा म्हणाला, “तुमच्याकडं बरंय मामा, एक माणूस एक मत.”

बरंय खरं. १९६० चा सहकार कायदा आहे. शेअर एक असो की हजार, मत एकच. कलम ३२ नुसार ताळेबंद, सभेची आणि संचालकांच्या बैठकांची इतिवृत्तं सभासदाला संस्थेच्या कार्यालयात फुकट बघता येतात. मी वीस वर्षं सहकाराच्या बातम्या करतोय, आणि हे कलम नीट वाचलं ते आईचे पैसे अडकल्यावर.

गेल्या सोमवारी अर्ज दिला. क्लार्कनं तो उलटा-सुलटा करून बघितला. म्हणाला, “पत्रकार म्हणून पाहिजे का साहेब?”

“सभासद म्हणून,” म्हटलं.

पोच घेतलीय. शुक्रवारी परत बोलावलंय.