जाणाऱ्यांचा रस्ता, राहणाऱ्यांचं गाव

२ ऑगस्ट २०२५, शनिवार, माणगाव

सावित्रीचा पूल पडला त्याला आज नऊ वर्षं झाली. २०१६ च्या याच रात्री महाडजवळ पुराच्या पाण्यात ब्रिटिशांच्या काळातला तो पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. दोन्ही मुंबईकडे निघाल्या होत्या. पूल ओलांडला असता तर त्या रात्रीच आमच्या दारावरून पुढे गेल्या असत्या. सासूबाई दरवर्षी या तारखेला देवापाशी एक निरांजन जास्त लावतात. आजही लावलं.

त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. जून २०१७ मध्ये, पुढचा पावसाळा भरात येण्याआधी, त्यावरून वाहतूक सुरूही झाली. ठरवलं तर होतं, हे आम्ही इथून जवळून पाहिलंय. म्हणूनच आमच्या बायपासचं दुःख जास्त आहे. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्याच्या पुढच्या टप्प्यात माणगावचा बायपास. तो अजून अर्धवट पडून आहे. कधी जमिनीचं कारण, कधी परवानगीचं, कधी कंत्राटदाराचं. नाही म्हणून कुणी तोंडावर सांगितलेलं नाही, पण इतकी वर्षं न झालेलं काम नाकारल्यासारखंच असतं. मुंबई आणि गोवा जोडणारा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तोवर आमच्या बाजारातून, एसटी स्टँडासमोरून, आमच्या ओट्याला घासून जातोय.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाला मुलं सकाळी लवकर निघाली. पांढरेशुभ्र शर्ट, हातात कागदी झेंडे. रस्त्याच्या या कडेला थांबून राहिली. सुट्टीला जोडून शनिवार-रविवार आलेला, त्यामुळे मुंबईच्या गाड्या पहाटेपासूनच लागल्या होत्या. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरणाऱ्या गाड्या निजामपूर रस्त्याने येऊन मिळतात. त्यांतल्या श्रीवर्धन-दिवेआगरला जाणाऱ्यांना मोर्बा रस्त्याला वळायचं असतं. मधल्या तेवढ्या तुकड्यासाठी सगळ्यांना आमच्याच बाजारातून जावं लागतं. तिथेच रिक्षा, तिथेच एसटी, तिथेच भाजीवाल्या. बाहेरून आलेल्याला वाटतं, या गावाला शिस्त नाही. तीन रस्त्यांची वाहतूक एका बाजारपेठेत आणून सोडली तर शिस्त कुठून आणायची?

शेवटी आमच्या शाळेतल्या एका सरांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरले. मुलं पलीकडे गेली. तेवढ्यात मागचा गाडीवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. सर त्याला काही बोलले नाहीत, फक्त शेवटची चिमुरडी पार होईपर्यंत हात खाली घेतले नाहीत. हे सर रोज करतात. त्यांच्या कामाच्या यादीत हे कुठेच लिहिलेलं नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काल रात्रीपासून पाऊस कोसळतोय. खड्डे पाण्याने भरले की रस्ता सपाट दिसतो आणि दुचाकीवाले फसतात. ट्रकच्या चाकांनी उडालेला चिखल आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत पोचलाय. पावसात चिखल आणि उघडीप मिळाली की धूळ. दिवाळीनंतर तुळशीची पानं रोज धुवावी लागतात, नाहीतर हिरवी दिसतच नाहीत.

रात्री भरलेला कंटेनर खड्ड्यात आपटला की शोकेसमधली काच वाजते. पुढच्या खोलीच्या भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यापासून वर, एक भेग गेलीय. यांनी तिच्या टोकाला पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख घातली आहे. भेग पुढे सरकली की नवी रेघ, नवी तारीख. आज गिलावा दमट झाल्यामुळे हात लावला तर वाळू सुटत होती. हे म्हणाले, "पावसाळा संपला की गवंड्याला बोलावू." मी म्हटलं, "बोलवा. पण बाहेर गाड्या तशाच राहिल्या तर भरून किती दिवस टिकणार?" त्यांनी उत्तर दिलं नाही, पेन्सिल पुन्हा कॅलेंडरमागे ठेवली.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपती तीन दिवसांवर. चाकरमानी निघाले. अवजड वाहनांना नेहमीप्रमाणे बंदी घातली आहे. दूध, भाजीपाला, इंधन, औषधं तेवढी सोडतात. पोलीस आणि होमगार्ड उन्हापावसात शिट्ट्या मारत उभे आहेत. त्या पोरांना दुपारी चहा नेऊन दिला. एकजण म्हणाला, "काकू, आमी तरी काय करणार? रस्ता तेवढाच हाय."

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वडापाववाल्या वहिनींशी बोलत बसले. त्या सरळ बोलतात. "खोटं कशाला सांगू बाई, कोंडी झाली की माझा गल्ला भरतो. बायपास झाला तर इथे कोण थांबेल? पण माझ्या नातवाला दमा आहे, आणि तोही ह्याच धुरात गाडीपाशी बसतो. मग मी काय मागू, तुम्हीच सांगा."

हा प्रश्न टाळून चालणार नाही. बायपास मागताना ज्यांचं पोट रस्त्यावर आहे त्यांना गप्प बसवायचं, हे बरोबर नाही. पण कोंडीत अडकलेला माणूस भजी घेतो तो नाइलाजाने. माणगाव हे तालुक्याचं ठिकाण आहे. कचेरी इथे, रुग्णालय इथे, कोकण रेल्वेचं स्टेशन इथे, श्रीवर्धनचा रस्ता इथून फुटतो. आसपासची शेकडो गावं बाजाराला इथेच येतात. त्यातली किती माणसं आज कोंडीच्या भीतीने येणं टाळतात? वडखळची कोंडी एके काळी सगळ्या कोकणाला पाठ होती. बाहेरून रस्ता निघाल्यावर ती सुटली. बायपासच्या तोंडाशी स्थानिकांना गाळे द्या, टपरीवाल्यांची आधी नोंद करा, मग रस्ता खुला करा. वहिनींचा गल्ला आणि नातवाचा श्वास यांतलं एकच निवडायला लावणारी योजना अपुरी आहे, असंच मला वाटतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार, हरतालिका

मूर्ती आज आणली. कारखाना रस्त्याच्या पलीकडे. पाटावर गणपती, वर रुमाल, यांच्या डोक्यावर पाट, पुढे झांज वाजवत पुतण्या. कडेला उभे राहिलो. दोन्ही बाजूंना गाड्या, खिडक्यांतून लोक हात जोडत होते. मुंबईपासून बसलेली, वैतागलेली माणसं, पण बाप्पा दिसला की चेहरे बदलत होते. एका गाडीतून लहान मुलीने "मोरया" म्हणून हाक दिली आणि मग तीन-चार गाड्यांतून साद आली. आम्हाला वाट मिळाली.

रात्री मात्र तसं झालं नाही. साडेअकराच्या सुमाराला १०८ ची गाडी स्टँडाअलीकडे अडकली. भोंगा वाजतोय, पण पुढच्यांना सरकायला जागाच नाही. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला उभ्या केलेल्या गाड्या. आळीतली पोरं धावली, एकेकाला मागे-पुढे घ्यायला लावून फट पाडली. रुग्णालय तिथून चालत जाण्याइतकं जवळ. आत कोण होतं, पुढे काय झालं, कळलं नाही. सासूबाई जागीच बसून होत्या. म्हणाल्या, "मला काही झालं ना, तर गाडीची वाट बघू नका. खुर्चीत बसवून उचलून न्या." त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी हे अगदी शांतपणे, सोय सांगावी तसं सांगितलं. मला झोप आली नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

पोचणारे पोचले. दुपारनंतर रस्ता मोकळा, अवजड वाहनं बंदच. संध्याकाळी आरतीला उभं राहिलो तेव्हा समोरच्या घरातली आरती स्पष्ट ऐकू आली. त्यांची आणि आमची एकाच वेळी चालली होती. त्यांच्या सुनेचा आवाज इतका गोड आहे हे मला आज कळलं. समोरासमोर घरं, पण एरवी आम्ही एकमेकांशी खुणेनेच बोलतो.

बायपास झाला तर काय मिळेल, याचं उत्तर आज संध्याकाळी ऐकायला मिळालं. बाहेरून जाणाऱ्याला अर्धा तास मिळेल. आम्हाला शेजार मिळेल.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी-गणपतींचं विसर्जन. काळ नदीवर जायचं तर महामार्ग ओलांडणं आलंच. याच वेळी परतीच्या गाड्याही निघालेल्या. पोलिसांनी दोर धरला, अर्ध्या मिरवणुका पार झाल्या, मग गाड्या सोडल्या, मग उरलेल्या मिरवणुका. म्हाताऱ्या बायका कडेला गटाराच्या कठड्यावर टेकल्या होत्या, कारण बसायला दुसरी जागाच नाही. पदपथ जिथे आहे तिथे त्यावर गाड्या उभ्या.

७ सप्टेंबर, रविवार

अनंत चतुर्दशी काल झाली. उत्सवातल्या बातम्यांमध्ये रांगा किती किलोमीटर, प्रवास किती तासांचा, हे सगळं आलं. ते यायलाच हवं. त्या गाड्यांत आमचेच भाऊ-भाचे असतात. पण त्यांची कोंडी सणापुरती असते. इथे राहणाऱ्यांची बारमाही आहे आणि तिचं मोजमाप कुणीच घेत नाही.

आज ओटीवर आळीतले सगळे जमलो आणि अर्ज लिहिला. बायपासचं काम कधी पूर्ण होणार त्याची तारीख लिहिलेला फलक बाजारात लावा, ही पहिली मागणी. तोवर शाळेसमोर आणि स्टँडासमोर ओलांडण्याची जागा आखून तिथे दोन्ही वेळा माणूस नेमा. पदपथ मोकळे करा. रुग्णालयापर्यंत एक बाजू रुग्णवाहिकेसाठी कायम राखा. खड्डे गणपतीच्या तोंडावर नव्हे, पडतील तेव्हा बुजवा. रस्त्याकडेच्या घरांची, भिंतींची आणि हवेची तपासणी करून ती लोकांना वाचायला द्या. वडापाववाल्या वहिनींनी शेवटची ओळ घालायला लावली: बायपासलगत पहिला गाळा इथल्या टपरीवाल्यांना. त्यांनी सहीही सगळ्यांच्या आधी केली.

यातल्या बहुतेक गोष्टींना ना जमीन घ्यावी लागते, ना पूल बांधावा लागतो. पुढच्या गणपतीत मुंबईहून माणगाव किती तासांत गाठलं, हे जरूर विचारा. त्याबरोबर एवढंही विचारा, की माणगावातल्या म्हाताऱ्या बाईला आणि पहिलीतल्या पोराला त्या दिवशी रस्ता ओलांडता आला का. बायपास आम्ही मागतोय तो या दुसऱ्या प्रश्नासाठी.